फादरांची बदली

गोंदिया जिल्ह्यात दोन गोष्टींना तोटा नाही. एक धान आणि दुसरं मोहफूल. धानाचं काय होतं ते राइस मिलच्या आवाजावरून कळतं आणि मोहफुलाचं काय होतं ते संध्याकाळी घरी परतणाऱ्याच्या चालीवरून. आता कॅथॉलिक चर्चचा कायदा असा, की मिस्साच्या वेळी वेदीवर जी भाकर ठेवायची ती गव्हाचीच पाहिजे आणि जो रस ठेवायचा तो द्राक्षाचाच पाहिजे. तांदळाची चालत नाही. मोहाचं तर नावच काढू नये. म्हणजे जिल्ह्यात जे पोत्यांनी पडलंय ते नेमकं बाद. मग गहू येतो मध्य प्रदेशचा, द्राक्षं नाशिककडची आणि ते दोन्ही हातात घेऊन उभे राहणारे फादर केरळचे. स्थानिक असतात ती फक्त माणसं आणि त्यांची पापं.

ज्या फादरांविषयी मी लिहितोय ते खरं म्हणजे एक गृहस्थ नाहीत. वेगवेगळ्या काळात भेटलेल्या तिघांचे मिळून मी एक केले आहेत. तिघांचा एक करायला त्यांच्या धर्मात भक्कम आधार असल्यामुळे ते रागावतील असं वाटत नाही.

केरळच्या माणसाला गोंदिया म्हणजे परदेशच. पासपोर्ट लागत नाही एवढाच फरक. समुद्र नाही, नारळ देवळापुरता, आणि मासा तलावातला. भात मात्र आहे, आणि या एका भाताच्या जोरावर फादरांनी पहिलं वर्ष काढलं. मग मे महिना आला. नवतपा नावाचा प्रकार त्यांना सेमिनरीत कोणी शिकवला नव्हता. पारा पंचेचाळिसाकडे निघाला तेव्हा त्यांनी एका रविवारी नरकाच्या अग्नीवर प्रवचन केलं. परिणाम शून्य. समोरचा श्रोता सकाळी छपरावर बसून कवेलू फेरून आलेला होता. त्याला नरकात निदान सावली असेल अशी आशा वाटत असावी.

भाषेचं आणखी वेगळं. फादर पुस्तकातून मराठी शिकून आले होते, म्हणजे शुद्ध. गोंदियाला उतरल्यावर लक्षात आलं, की ती भाषा इथे फक्त शाळेच्या फळ्यावर राहते. बाजारात हिंदी, कचेरीत मराठी, पोवारांच्या घरात पोवारी, सालेकसा-देवरीकडे गोंडी आणि सीमेवर छत्तीसगढी. एका म्हातारीला त्यांनी हात जोडून विचारलं, “आजी, आपली प्रकृती कशी आहे?” म्हातारीने मागे वळून पाहिलं. कोणी मोठा माणूस आलाय की काय! मग म्हणाली, “मलेच बोलून रायले का जी फादर?” पुढे सहा महिने ती रोज त्यांची परीक्षा घ्यायची आणि रोज नापास करायची. नापास केल्यावर लाखोळीचे वडे द्यायची. फादर म्हणतात, इतक्या चांगल्या शाळेत मी पुन्हा शिकलो नाही.

जुन्या पाद्र्यांचं या बाबतीत बरं होतं. तेव्हा मिस्सा लॅटिनमध्ये असे. पाद्री नागपूरला उभा राहो की नागासाकीला, प्रार्थना तीच, आणि न समजणारी माणसंही दोन्हीकडे सारखीच. १९६२ ते १९६५ या काळात रोममध्ये दुसरी व्हॅटिकन परिषद भरली आणि उपासना लोकांच्या भाषेत करायला वाट मोकळी झाली. लोकांना पहिल्यांदा सगळं समजू लागलं. त्यात फादर कुठे अडखळले हेही समजू लागलं.

या मुलखात सुरुवातीचे पाद्री आले ते मात्र केरळातून नाही, आल्प्सच्या डोंगरातून. सवॉय प्रांतात आनसी गावी पियेर-मारी मेर्मिए या पाद्रीने १८३८ मध्ये सेंट फ्रान्सिस डी सेल्सच्या नावाने मिशनऱ्यांची एक संस्था काढली. तिची पहिली तुकडी १८४५ मध्ये भारताकडे निघाली. सुएझ कालवा व्हायला अजून २४ वर्षं होती. त्यांच्या वाट्याला आलेला मुलूख विशाखापट्टणमपासून नागपूरपर्यंतचा. नकाशावर बोट फिरवून ही वाटणी ज्याने केली त्याने मधलं जंगल पाहिलं नसणार. बिशप समुद्रकाठी, भाविक कामठीच्या छावणीतले आयरिश शिपाई, आणि दोघांच्या मध्ये वाघ.

हे लोक घरून निघाले तेव्हा सार्डिनियाच्या राजाची प्रजा होते. १८६० मध्ये त्या राजाने सवॉय फ्रान्सला देऊन टाकलं. म्हणजे फादर इकडे घाम पुसत बसलेले असताना तिकडे त्यांचा देशच बदलला. इकडेही तीच तऱ्हा. १८५४ मध्ये नागपूरकर भोसल्यांचं राज्य कंपनीने खालसा केलं. ज्या देशातून निघाले तो राहिला नाही आणि ज्या राज्यात आले तेही राहिलं नाही. गोंदियाकराला याचं नवल वाटायचं कारण नाही. आमच्या आज्याने अंगणातल्या खाटेवरून न उठता मध्य प्रांत पाहिला, १९५० मध्ये मध्य प्रदेश पाहिला, १९५६ मध्ये मुंबई राज्य पाहिलं आणि १९६० मध्ये महाराष्ट्र पाहिला. आणखी टिकला असता तर १ मे १९९९ ला त्याचा भंडारा जिल्हाही सुटून गोंदिया झाला असता. मिशनरी देश बदलायला बोटीत बसतो. आमच्याकडे सरकार ही सेवा घरपोच देतं.

१८८७ मध्ये नागपूरला दोन नवीन गोष्टी मिळाल्या : स्वतंत्र धर्मप्रांत आणि बंगाल नागपूर रेल्वे. कोणामुळे कोणाची जास्त सोय झाली हा संशोधनाचा विषय आहे. रेल्वेने जागोजागी जंक्शनं बांधली, त्यांच्या शेजारी कॉलन्या वसवल्या आणि त्यांत अँग्लो-इंडियन ड्रायव्हर, गोव्याचे गार्ड, तमिळ फिटर आणून ठेवले. त्यांतल्या कॅथॉलिकांना रविवारी पाद्री लागे. मग पाद्री गाडीने येई. गाडी उशिरा आली तर मिस्सा उशिरा. भारतीय प्रमाण वेळ आणि स्वर्गाची वेळ यांचा मेळ घालण्याचं काम तेव्हापासून स्टेशन मास्तरकडे आहे.

परदेशी सेवेला गेलेल्या पाद्र्यांची गंमत अशी, की ते शिकवायला निघतात आणि पोचल्यावर विद्यार्थी होतात. फादर थॉमस स्टीफन्स घ्या. हा इंग्रज जेझुइट ४ एप्रिल १५७९ ला लिस्बनहून निघाला आणि २४ ऑक्टोबरला गोव्याला पोचला. साडेसहा महिने बोटीत. पोचल्यावर बापाला पत्र लिहिलं. ते पुढे इंग्लंडात छापलं गेलं, म्हणून आजही वाचायला मिळतं. त्यानंतर चाळीस वर्षं इकडेच, बहुतेक काळ गोव्यातल्या साष्टीत, राहिला आणि १६१९ मध्ये तिकडेच वारला. घरी एकदाही रजेवर गेला नाही. १६१६ मध्ये त्याने दहा हजारांहून अधिक ओव्यांचं ‘ख्रिस्तपुराण’ छापलं. बरं, इंग्रजाने मराठीत लिहायचं तर एखादी पुस्तिका लिहून थांबावं. याने पुराणच सांगितलं, तेही ओवीत. त्या काळी त्याने किती जणांना बाप्तिस्मा दिला ते बाजूला ठेवा. मराठीच्या एम.ए.च्या पोरांना मात्र तो चारशे वर्षांनंतरही परीक्षेच्या आदल्या रात्री देवाचं नाव घ्यायला लावतो. मिशनरी म्हणून एवढं यश पुष्कळ झालं.

उलट्या दिशेचे गोव्याचे जोझे वाझ. बाणावलीत १६५१ मध्ये जन्मलेला हा कोकणी माणूस १६८७ मध्ये श्रीलंकेत गेला. तिथे किनाऱ्यावर डचांचा अंमल, आणि डचांनी कॅथॉलिक पाद्र्यांना बंदी केलेली. त्यामुळे वाझ यांना फाटक्या कपड्यांत, गडीमाणसाच्या वेशात उतरावं लागलं. पुढे कँडीच्या राज्यात गेले तर राजाने पोर्तुगीज हेर समजून आत टाकलं. परदेशात जाऊन पहिली सरकारी जागा मिळाली ती तुरुंगात. तमिळ ते आधीच शिकले होते. मग बसल्या बसल्या त्यांनी सिंहली भाषा हाती घेतली. आपण एवढ्यावर “दूतावासाशी संपर्क साधा” म्हणून गळा काढला असता. १६९६ मध्ये तिथे दुष्काळ पडला, वाझ यांनी प्रार्थना केली आणि पाऊस आला अशी आख्यायिका आहे. त्यानंतर राजाने त्यांना मोकळेपणी फिरू दिलं. तेही १७११ मध्ये तिकडेच वारले. संतपद मिळालं ते २०१५ मध्ये, कोलंबोला, पोप फ्रान्सिस यांच्या हस्ते. तीनशे चार वर्षांनी फाइल निघाली. आपल्याकडच्या पेन्शनवाल्यांनी धीर सोडू नये.

गोंदियाकडे परत येऊ. १९५४ मध्ये मध्य प्रदेश सरकारने मिशनऱ्यांच्या कामाची चौकशी करायला नागपूर हायकोर्टाचे निवृत्त मुख्य न्यायाधीश भवानीशंकर नियोगी यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. तेव्हा आपण त्याच राज्यात आणि राजधानी नागपूर. १९५६ मध्ये अहवाल आला. ज्या परदेशी मिशनऱ्यांचा मुख्य उद्देश धर्मांतर हाच आहे त्यांना परत पाठवावं, ही त्यातली एक शिफारस. ख्रिस्ती संस्थांनी हरकत घेतली. तो वाद अजून मिटलेला नाही आणि तो मिटवायला विनोदी लेख पुरा पडत नाही. एवढं मात्र खरं, की परदेशी मिशनऱ्यांना व्हिसा मिळणं पुढे कठीण होत गेलं, युरोपची आवक आटली आणि ती जागा केरळने भरून काढली. एरवी परदेशी पाहुण्यांचं आम्हाला वावडं नाही. नवेगावबांधच्या तलावावर हिवाळ्यात परदेशी पक्षी उतरतात. गोठणगावाजवळ १९७२ पासून तिबेटी लोकांची वसाहत आहे. हिमालयापलीकडून आलेल्या माणसांनी जिथे नवतपा पचवला तिथे मल्याळी माणसाने तक्रार करावी हे बरं दिसत नाही, म्हणून फादर करत नाहीत.

तक्रार न करण्याचं दुसरं कारण त्यांच्या नोकरीच्या अटींत आहे. महाराष्ट्रातल्या सरकारी नोकराच्या हाती गोंदियाला बदली झाल्याचा कागद पडला की घरावर सुतक येतं. मुलांची दहावी आठवते. आईचा गुडघा अचानक दुखायला लागतो आणि गुडघ्याचं प्रमाणपत्र मंत्रालयात गुडघ्याच्या आधी पोचतं. नक्षलग्रस्त भागात काम करणाऱ्याला सरकार एक पायरी वरची वेतनश्रेणी देतं, तरी माणूस यायला राजी नसतो. जो येतो तो पहिल्या दिवशी जाण्याची तारीख मोजतो. फादरांचं सगळंच सोपं. बायको नाही, मुलं नाहीत, आणि आईचा गुडघा खरंच दुखत असला तरी तो कारणांत बसत नाही. वरिष्ठांचं तीन ओळींचं पत्र येतं : कुठे जायचं, कधी जायचं, आणि देव तुमच्याबरोबर असो. भत्त्याचा उल्लेख नाही, कारण सोबत देव दिलेला आहे. आज्ञापालनाची शपथ आधीच घेऊन ठेवलेली. आमदाराची चिठ्ठी चालत नाही. देवाकडे वशिला लावावा, तर पत्र त्याच्याच नावाने आलेलं.

बाहेरच्या लोकांना वाटतं, मिशनरी दिवसभर धर्माचं काम करत असेल. फादरांची वही पाहिली तर त्यात गळकं कौल, बोअरवेलची मोटार, वसतिगृहातल्या दोन पोरांची मारामारी, हिवतापाचा एक रुग्ण दवाखान्यात पोचवणं, धान भिजलं म्हणून रडायला आलेला एक शेतकरी आणि या सगळ्याच्या खाली, जागा उरली तर, प्रार्थना. शिवाय गोंदिया शहरातल्या बहुसंख्य लोकांना फादर लागतात ते एकाच संस्कारासाठी : नर्सरीची ॲडमिशन. चर्चची शाळा कोणती, तिचा फादर कोण आणि आपल्या फादरांचा तिच्याशी संबंध काय, याची चौकशी कोणी करत नाही. पांढरा झगा दिसला की अर्ज पुढे येतो. मार्च महिन्यात फादरांना रस्त्याने चालणं मुश्कील होतं. एकाने तर थेट विचारलं, “फादर, बाप्तिस्म्याशिवाय होत नसेल तर तसं सांगा.” फादर घाबरले. नियोगी समिती त्यांनी वाचलेली होती. ते हात जोडून म्हणाले, “बाप्तिस्मा नको, फक्त जन्माचा दाखला आणा.”

असे फादर इथे रुळले. ‘काहून’ आणि ‘बाप्पा’ तोंडात बसलं, तर्रीपोह्याशिवाय सकाळ होईना, म्हातारीने एकदाचं पास केलं. आणि वरिष्ठांचं पत्र आलं. तीन ओळी. जर्मनी.

यामागचा हिशोब साधा आहे. १९५७ मध्ये पोप बारावे पायस यांनी ‘फिदेई डोनुम’ हे परिपत्रक काढून सांगितलं, की ज्या धर्मप्रांतांत पाद्री जास्त आहेत त्यांनी आफ्रिकेसारख्या ठिकाणी उसने द्यावेत. तेव्हा देणारा युरोप होता. आता युरोपातच पाद्री मिळेनात. म्हणून भारतातून, आफ्रिकेतून मागवतात. १८४५ मध्ये सवॉयने जी उसनवारी सुरू केली तिची आपण व्याजासकट परतफेड करतो आहोत आणि कधी नव्हे ते कर्ज घेणारा वेळेवर फेडतोय.

फादर पुन्हा बालवाडीत बसले. जर्मन भाषेत टेबल पुल्लिंगी, दिवा स्त्रीलिंगी आणि मुलगी नपुंसकलिंगी. मराठीची तीन लिंगं सोसलेला माणूस म्हणून ते तरले, नाहीतर बरोबरचा एक जण दिव्यापाशीच विझला होता. परीक्षा पास झाल्यावर चार गावांची चार चर्चं त्यांच्या हवाली झाली. प्रत्येक चर्च हजार माणसांचं, आत पंचवीस आणि त्यांतले वीस सत्तरीपुढचे. रविवारी ते मोटार घेऊन या गावाहून त्या गावाला बर्फातून पळतात. एके काळी सवॉयचे गोरे पाद्री इकडे घामाने भिजले, आता आपला काळा पाद्री तिकडे गारठतोय. नियतीने थर्मामीटर बरोबर ठेवला आहे.

तिथल्या कारभाराने मात्र ते चकित झाले. गोंदियात दानाची पेटी उघडली की चिल्लर, फाटकी दहाची नोट आणि क्वचित शर्टाचं बटण. जर्मनीत चर्चचा कर असतो, आयकराच्या आठ किंवा नऊ टक्के, आणि तो सरकारच कापून चर्चला देतं. ज्याला नको असेल त्याने कचेरीत जाऊन चर्च सोडत असल्याचं रीतसर नोंदवायचं. फादरांनी हे फोनवर सांगितलं तेव्हा इकडच्या एका तलाठ्याचे डोळे पाणावले. देव सोडायलाही कचेरी लागते असा देश पृथ्वीवर आहे हे त्याला माहीतच नव्हतं.

फादरांना सर्वांत जड गेली ती शांतता. गोंदियाला पहाटे पाचला दार वाजायचं. कोणाची गाय हरवली, कोणाचा नवरा. दार उघडायच्या आधीच माणूस बोलायला लागलेला असायचा. तिकडे वेळ ठरवल्याशिवाय कोणी येत नाही. “आधी फोन केल्याशिवाय माणसं मरतसुद्धा नाहीत,” असं फादर म्हणतात. लग्नं कमी, बाप्तिस्मे कमी, अंत्यविधी भरपूर. त्यातही मयताच्या घरी कोणी “चहा घेता का” असं विचारत नाही, कॉफी कधी आणि कुठे ते छापील पत्रिकेत असतं. स्टीफन्सने बापाला लिहिलेलं पत्र पोचायला महिनोन्‌महिने लागले असतील, फादरांचा व्हिडिओ कॉल रोज रात्री लागतो. आई केरळातून विचारते, काय जेवलास. गोंदियाची पोरं विचारतात, “फादर, तिकडे ड्रायव्हरची जागा आहे का जी?” म्हातारी काही विचारत नाही. ती पडद्याकडे पाहून सांगते, “वाळले बाप्पा,” आणि फोन दुसऱ्याकडे देते.

आता माणूस कुठला, हे कसं ठरवायचं? जन्मगाव हे कागदाचं उत्तर झालं. मला वाटतं, ज्या गावाने आपल्या चुकांना पोटभर हसून वर पोटभर जेवायला घातलं ते आपलं गाव. स्टीफन्स साष्टीचा झाला तो असाच, आणि वाझ लंकेचे. यात धर्माचा संबंध थोडा आणि स्वयंपाकघराचा जास्त.

जर्मनीत फादरांना प्रत्येक जण विचारतो, तुम्ही कुठले? ते इंडिया म्हणतात. मग पुढचा प्रश्न येतो, मुंबई? ताजमहाल? या ठिकाणी केरळात जन्मलेला, बॅकवॉटरमध्ये पोहलेला, नारळाच्या तेलावर वाढलेला हा गृहस्थ छाती पुढे काढून “गोंदिया” म्हणतो. समोरच्याला कळत नाही. मग खिशातून कागद निघतो, महाराष्ट्राचा नकाशा निघतो, त्याच्या पार ईशान्येच्या टोकाला एक ठिपका पडतो. चर्चच्या सभागृहात भारताविषयी कार्यक्रम झाला तेव्हा मंडळी ताजमहाल बघायला आली होती. फादरांनी धानाच्या बांधीत उभी असलेली सारसांची जोडी दाखवली. महाराष्ट्रात सारस उरला आहे तो मुख्यतः आमच्याच जिल्ह्यात, हे सांगितलं. हा पक्षी स्थलांतर करत नाही, हेही सांगितलं, आणि मग स्वतःकडे बघून जरा थांबले. शेवटी भात वाढला. एका आजीबाईंनी दुसऱ्यांदा मागितला, तेव्हा त्यांना फादर म्हणाले, “हा तर दुकानातला. खरा आमच्याकडचा खायला पाहिजे.”

आमच्याकडचा! पुण्या-मुंबईचे लोक ज्या जिल्ह्यात यायचं टाळण्यासाठी मंत्रालयाचे जिने झिजवतात त्याची बाजू एक मल्याळी माणूस बर्फात उभा राहून जर्मन भाषेत मांडतो आहे, तेही एकही टी.ए. बिल न लावता.